ताप न येणारी माणसं

भडका तापाची पहिली लाट आजऱ्यात आली तेव्हा वृषाली केसरकर एसटीत कंडक्टर होती. आजरा-सावंतवाडी ही तिची नेहमीची गाडी. गाड्या विजेवर चालायला लागल्या होत्या, तिकिटं फोनवर निघत होती, आणि आता कंडक्टर हवाच कशाला, असा विषय वरच्या कचेरीत अधूनमधून निघायचा. पण आंबोलीच्या अलीकडच्या वाड्यांवरून चढणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पायरीवर हात द्यायला, कोण कुठे उतरणार हे ध्यानात ठेवायला माणूस लागायचंच. वृषालीला ते काम मनापासून आवडायचं.

तिच्या गाडीचा ड्रायव्हर सगळ्यांत आधी पडला. सकाळी घाट चढताना त्याला हुडहुडी भरली, त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मागून आलेल्या जीपमधून नेताना वृषालीने त्याला मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, त्याची उलटी तिच्या अंगावर झाली. तो दुसऱ्या दिवशी गेला. गाडीतले निम्मे उतारू त्या आठवड्यात आडवे झाले.

वृषालीने घरी येऊन कपडे उकळत्या पाण्यात टाकले, मागच्या खोलीची कडी आतून लावली आणि ताप यायची वाट बघत बसली. तिचा नवरा रणजित खिडकीतून चहा द्यायचा आणि तिथेच उभा राहायचा. पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान होतं. बोलायला तो कमी.

"काही वाटतंय का?" तो विचारायचा.

"भूक लागलीय."

"ते बरं लक्षण की वाईट?"

ताप आलाच नाही. दोनदा तपासणी झाली, दोन्हीदा काही सापडलं नाही. मग एक दिवस डॉक्टर झरीन मुजावर घरी आल्या. जनुकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक होत्या. मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे माणसांशी बोलताना त्यांना पुस्तकी भाषा लागायची नाही. भडक्याच्या रोग्यांत वावरूनही ज्यांना काहीच झालं नाही, अशांचं रक्त त्या गोळा करत होत्या. वृषालीचं रक्त त्यांनी नेलं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा आल्या त्या हसतच.

"वृषालीताई, विषाणूने माणूस मरत नाही या तापात," त्या म्हणाल्या. "माणूस मरतो तो स्वतःच्या शरीराने. असं समजा, गावात चोर शिरला आणि राखणदाराने बोंब ठोकली. बोंब ऐकून गाव जागं होतं, चोराला धरतं. पण भडक्यात राखणदार इतका बिथरतो की चोराला हुसकावण्यासाठी तो गवताच्या गंजीच पेटवत सुटतो. चोर राहतो बाजूला, गाव जळून जातं."

"आणि माझ्या गावात?"

"तुमचा राखणदार मुळातच हळू बोलतो." डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा राखणदार म्हणजे पेशीतलं एक प्रथिन. ते कसं घडवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि प्रत्येक माणसाला त्या कृतीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काही माणसांच्या प्रतीत एका ठिकाणी एक अक्षर वेगळं असतं. दहा माणसांत एखाद्याकडे अशी एक प्रत सापडते, पण एकीने भागत नाही. दुसरी प्रत बोंब मारतेच. दोन्ही प्रती तशा असल्या तर मात्र माणसाला भडका होत नाही. असं माणूस शेकड्यात एकही निघत नाही.

"पण मग चोराचं काय होतं?" वृषालीने विचारलं.

"तपासणीत तो दिसत नाहीये ना? बाकीचं शरीर त्याला गपचूप हाकलून देत असणार." डॉक्टर उठल्या. "ताई, दवाखान्यांत माणसं उरली नाहीयेत. परिचारिका मरताहेत. तुमच्यासारख्यांनी हात लावला तर..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. वृषाली दुसऱ्याच दिवशी निघाली.

गडहिंग्लजच्या वेशीवरच्या एका मंगल कार्यालयात खाटा टाकल्या होत्या. लग्नाच्या पाट्या तशाच भिंतीवर होत्या. वृषालीने तिथे माणसांचं सगळं केलं. पाणी पाजलं, अंग पुसलं, हागणं-मुतणं काढलं, आणि मेलेल्यांचे डोळे मिटले. सरकारी भाषेत ताप न येणाऱ्या अशा माणसांना 'रक्षित' म्हणायला लागले आणि तो शब्द गावोगाव पसरला. रक्षित बाई दिसली की लोक रस्त्यात वाकून नमस्कार करायचे. आगाराने तिचा सत्कार ठेवला. एका बाईने आपलं तान्हं मूल तिच्या पायावर घातलं, तेव्हा तिला संकोच वाटला आणि खोटं कशाला, बरंही वाटलं. चाळीस वर्षं आपल्यात काही खास नाही अशी जिची समजूत, तिला एकदम कळलं होतं की आपल्या रक्तात काहीतरी आहे.

आठवड्यातून एकदा ती घरी यायची. अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरायची, रणजितला गरम भाकरी करून वाढायची, त्याच्या ताटातलं पिठलं चाखून मीठ बघायची. पुण्यात शिकणाऱ्या मृण्मयीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, दोघं मिळून फोन लावायचे. "तू मुळीच यायचं नाहीस," असं तिला बजावायचे.

लाट ओसरत आली होती तेव्हा रणजितला हुडहुडी भरली.

वृषालीने त्याला आपल्याच मंगल कार्यालयात आणलं, आपल्याच खाटांच्या रांगेत झोपवलं. इतरांसाठी जे केलं ते सगळं त्याच्यासाठी केलं. शुद्धीवर असताना त्याने तिचा हात धरून ठेवला होता. "तू आहेस ना," तो म्हणाला, "मग मला भीती नाही वाटत." मृण्मयी पोचली तेव्हा फक्त राख उरली होती.

*

दोन वर्षं गेली. लाट आली तशी गेली, गाडी पुन्हा घाटातून धावू लागली. मृण्मयीचं ऋत्विज नावाच्या मुलाशी लग्न झालं. तो दूध संघात जनावरांचा डॉक्टर होता. दोघं कोल्हापुरात राहायला लागली, मृण्मयी एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. लग्नात वृषाली एकटीच उभी होती, पण तिला एकटं वाटू नये म्हणून ऋत्विज सारखा तिच्या आसपास होता. तिला तो आवडला.

भडका मात्र पुरता गेला नव्हता. मधेच कुठे चार माणसं, कुठे सहा. ना त्या गावांचा एकमेकांशी संबंध, ना कुणी बाहेरून आलेलं. जणू राखेतून आपोआप ठिणगी उडत होती. लस दर वर्षी निघायची आणि दर वर्षी मागे पडायची, कारण विषाणू कुठेतरी बसून आपलं रूप बदलत होता. कुठे बसून, ते कळत नव्हतं.

एका दुपारी डॉक्टर मुजावर आल्या. या वेळी त्या घरात आल्या नाहीत. अंगणात फणसाखाली उभ्या राहिल्या, तोंडावर मास्क. वृषालीने "या ना आत," म्हटलं, खुर्ची पुढे केली, तशा त्या एक पाऊल मागे सरल्या. वृषालीला आधी राग आला आणि मग तिने खुर्ची मागे घेतली.

"ताई, तुम्ही तिथेच पायरीवर बसा," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून आले."

त्या सांगत गेल्या. जिथे जिथे नवे रोगी निघाले, तिथे तिथे जवळपास एक रक्षित माणूस निघालं. कुणी शाळेत डबे करणारी, कुणी न्हावी, कुणी नुसतीच प्रेमळ आजी. मग सगळ्या रक्षितांना पुन्हा तपासलं. या वेळी नाकात न शोधता लाळेच्या ग्रंथींत आणि मूत्रपिंडांत शोधलं.

"चोर गेलाच नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "राखणदार हळू बोलतो म्हणून गाव जळलं नाही, एवढंच खरं होतं. पण कुणी जागंच झालं नाही, तेव्हा चोर घरजावई होऊन राहिला. अधूनमधून लाळेतून बाहेर पडतो. वटवाघळांचं असंच असतं. त्यांच्या अंगात कितीतरी विषाणू वस्तीला असतात, त्यांना शिंकही येत नाही. रोगाचा प्रतिकार करणं वेगळं आणि रोग सोसणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आम्ही फसलो."

वृषाली पायरीवर बसून राहिली. समोरच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला.

"आमच्या ह्यांना कुणाकडून झाला?"

"ते आता..."

"तुम्ही प्रत्येक रोग्याचा विषाणू तपासून ठेवलाय. कुणाचा कुणाशी जुळतो ते तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगितलं होतंत मला, तिथे काम करताना."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "जुळतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी."

मग त्याच म्हणाल्या, "मीच तुम्हाला त्या कार्यालयात नेलं होतं. तुम्ही मला काहीही म्हणा."

वृषालीला त्यांना काहीतरी म्हणायची इच्छा होती, पण शब्द शोधायला गेली की समोर रणजितचं ताट यायचं आणि त्यातलं पिठलं चाखणारी आपली बोटं. "ह्यातून सुटायला काही औषध?" तिने विचारलं.

"शोधतोय."

"आणि तोवर?"

*

आजऱ्याच्या वरच्या पठारावर काजूच्या कलमांची एक जुनी सरकारी रोपवाटिका होती. तिथे खोल्या बांधल्या, भोवती कुंपण घातलं आणि जिल्ह्यातल्या रक्षितांना तिथे आणलं. दारावर 'रक्षित निवास' अशी पाटी लागली. ते नाव आता उलटं झालंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुणी कोर्टात गेलं, कुणी पळून गेलं आणि धरून आणलं गेलं. वृषाली स्वतःहून गेली. आगारातल्या ज्या लोकांनी तिला हार घातला होता, त्यांनी तिची निरोपाची सही घेताना पेन टेबलावर ठेवून हात मागे घेतला. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. तिने ते पेन परत दिलं नाही, पर्समध्ये टाकलं, म्हणजे बिचाऱ्यांना ते फेकून द्यायला नको.

आत आयुष्य होतं. भाजी पिकायची, भांडणं व्हायची, दोन लग्नंही झाली. एकमेकांना हात लावायला तिथे बंदी नव्हती. वृषालीच्या शेजारी नेसरीकडची ताराक्का राहायची. सत्तरीची, गावची सुईण होती, आणि किती बाळांना आपण पहिला हात लावला हे आठवून ती दिवसचे दिवस गप्प बसायची. एकदा म्हणाली, "आपन मानसं न्हाई गं आता. मडक्यातला इस्तू हाय. आपल्याला जळायचं न्हाई, इझायचंबी न्हाई."

औषधाचा एक प्रयोग झाला. राखणदाराचा आवाज थोडा वाढवायचा, म्हणजे शरीर जागं होईल आणि घरजावयाला हाकलेल, अशी कल्पना होती. निवासातल्या पुष्कळांनी नावं दिली. ज्याचा नंबर पहिला लागला तो कापशीचा एक तरुण शिक्षक होता. औषध देताच इतकी वर्षं दबलेली बोंब एकदम उठली, आणि असा भडका उडाला की त्याला वाचवता आलं नाही. त्याच्यानंतर नंबर वृषालीचा होता. प्रयोग थांबवला गेला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला दार तोंडावर बंद झाल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी मृण्मयीला दिवस गेले.

ती रोज फोन करायची. वडिलांचं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर माय-लेकी फक्त एकदा बोलल्या होत्या. "तुला माहीत नव्हतं, आई," एवढंच मृण्मयी म्हणाली होती, आणि नंतर बराच वेळ दोघींनी फोन कानाला लावून ठेवला होता. आता मात्र तिच्या आवाजात वेगळीच धांदल होती.

"आई, आमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या. माझ्याकडे एक प्रत आहे, तुझ्याकडून आलेली. ते माहीतच होतं. पण ऋत्विजकडेही एक निघाली."

"म्हणजे?"

"म्हणजे बाळाला दोन्ही यायची शक्यता चारांत एक. ऋत्विज म्हणतो घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे, दोन्ही आल्या तर बाळाला भडका कधी होणारच नाही."

फोन ठेवल्यावर वृषाली वाफ्याजवळ जाऊन बसली आणि उगाच माती उकरू लागली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि हिला माहेरच उरलेलं नाही. कोण तिला डिंकाचे लाडू करून घालणार, कोण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणार? आणि मग तिच्या मनात आलं, येऊ देत. दोन्ही प्रती येऊ देत बाळाला. जगातल्या माझ्या माणसांपैकी एकाला तरी मला जवळ घेता येईल.

तिने मातीतला हात झटकन बाहेर काढला. आपण नातवंडासाठी काय मागितलं ते तिच्या ध्यानात आलं. पण एकदा मनात आलेलं ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. देवापुढे बसली की ती काहीच मागायची नाही, तोंडून भलतं निघेल म्हणून.

मुलगी झाली. नाव जुई ठेवलं. तिला दोन्ही प्रती आल्या होत्या.

*

जुई पाच महिन्यांची झाली तेव्हा मृण्मयी तिला घेऊन पठारावर आली. भेटीला येणाऱ्यांसाठी दोन फाटकं होती आणि मधे मोकळी जागा. आतलं फाटक निवासातल्यांच्या बाजूला, बाहेरचं पाहुण्यांच्या. मास्क लावून, अंतर राखून बोलायचं. मधल्या जागेत कुणी यायचं नाही.

मृण्मयीने मास्क लावला होता. जुईला नव्हता. बाळाने पिवळं झबलं घातलं होतं आणि मुठी तोंडात घालून ती सगळीकडे बघत होती. वृषालीने आतलं फाटक दोन्ही हातांनी धरलं.

"बघ, तुझ्यासारखी जिवणी," मृण्मयी म्हणाली. "आई, ऐक. हिला काही होत नाही. मी विचार केलाय. मी तिला मधे ठेवते, चादर घालून. मी बाहेर गेले की तू ये आणि घे. पाच मिनिटं. नंतर मी तिला नीट पुसून घेईन."

वृषालीच्या हातांतून कळ गेली. तिला दंडांत त्या बाळाचं ओझं आत्ताच जाणवत होतं.

"ऋत्विजला विचारलंस?"

"नाही."

"का नाही विचारलंस?"

मृण्मयीने जुईचं झबलं सारखं केलं.

"मी सांगते का ते," वृषाली म्हणाली. "तो जनावरांचा डॉक्टर आहे. कळपातलं एक जनावर वरून ठणठणीत असतं आणि बाकीची पडतात, हे त्याने पाहिलंय. मी हिला घेतलं तर हिला ताप यायचा नाही. पण माझ्यातलं हिच्यात जाईल आणि जन्मभर राहील. मग ही तुझ्या अंगावर पिईल. तुझ्या तोंडात बोटं घालेल. तुझ्याकडे एकच प्रत आहे, मृण्मयी. एकीने भागत नाही."

"पाच मिनिटांत काय होतंय?"

"तुझ्या बाबांच्या ताटातलं मी एक बोट चाखायची."

मृण्मयीने जुईला छातीशी घट्ट धरलं. बाळ रडायला लागलं. वृषाली फाटक सोडून मागे मागे गेली, पार काजूच्या पहिल्या रांगेपर्यंत, कारण जवळ उभी राहिली तर आपण काय करू याची तिला खात्री नव्हती. "ने तिला," ती तिथून म्हणाली. "मोठी होऊ दे. लांबून बघीन मी."

त्यानंतर तिने जुईला फोनवरच पाहिलं. रांगताना, पडताना, 'आज्जी' म्हणताना. मृण्मयी आणि ऋत्विज डोळ्यांत तेल घालून तिला जपत होते. पाळणाघरात ठेवलं नाही, गर्दीत नेलं नाही. दर महिन्याला तिची लाळ तपासायचे. वर्षं जात होती आणि वृषालीला वाटू लागलं होतं, की आयुष्यात आपण एक गोष्ट तरी बरोबर केली.

जुई सव्वातीन वर्षांची होती तेव्हा ऋत्विजला हुडहुडी भरली.

जुईला विषाणू कुठून लागला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर मुजावरांनी खूप शोधलं. तो निवासातल्या कुणाशी जुळत नव्हता. बाहेर कुठेतरी एखादा न तपासलेला माणूस असणार, स्वतःला धडधाकट समजणारा. बागेतल्या झोपाळ्याची साखळी असेल, कुणी प्रेमाने दिलेला बिस्किटाचा तुकडा असेल. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत तो जुईत शिरला होता आणि जुईकडून तिच्या बाबाकडे. ऋत्विज जगला, पण त्याची मूत्रपिंडं गेली. मृण्मयीला तापाने का सोडलं, हेही कुणाला सांगता आलं नाही. नशीब, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द वृषालीने पहिल्यांदाच ऐकला.

फोन डॉक्टरांनीच केला होता. "जुईला तुमच्याकडे आणायचं ठरतंय," त्या म्हणाल्या. "लहान मुलांसाठी वेगळी सोय आहे, पण तिची सख्खी आजी आहे म्हटल्यावर..."

"माझ्याकडेच आणा," वृषाली म्हणाली. पुढचं तिला ऐकू आलं नाही.

*

मंगळवारी सकाळी गाडी आली. ताराक्काने खोली सारवल्यासारखी पुसून काढली होती. वृषाली आतल्या फाटकाशी उभी होती.

जुईला मृण्मयीने बाहेरच्या फाटकापर्यंत चालवत आणलं. मृण्मयीच्या अंगभर प्लास्टिकचा झगा, हातमोजे, तोंडावर दुहेरी मास्क. ऋत्विज पडल्यापासून ती आपल्या लेकीशी या पोशाखातच वागत होती. खाली बसून तिने मुलीच्या चपलेचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मग फाटक उघडलं.

"जा. आज्जी आहे ना ती फोनमधली? तीच."

जुई मधल्या जागेत थोडी आली आणि थांबून मागे वळली. मृण्मयी हलली नाही. वृषाली आतलं फाटक उघडून पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले. मुलगी काही वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि मग सरळ येऊन तिला बिलगली. बाहेर कुणाला मास्कशिवाय पाहून तिला किती दिवस झाले असतील कोण जाणे. तिने आपला तळवा वृषालीच्या गालावर ठेवला, नाक दाबून पाहिलं, ओठ ओढून आतले दात पाहिले.

वृषालीने तिला कडेवर घेतलं. ओझं बरोबर तेवढंच होतं, जेवढं तिने वर्षानुवर्षं मनात तोललं होतं. तिच्या सगळ्या अंगातून एक सुख वर चढलं आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. समोर, बाहेरच्या फाटकात, तिची लेक उभी होती.

"आई, मी इथेच राहते," मृण्मयी एकदम म्हणाली. "मला आत घे. मला सोडलंय एकदा तापाने. पुन्हाही सोडेल."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर नाही."

"तिकडे ऋत्विजला आठवड्यातून तीनदा मशीनवर घालायचंय. त्याचं कोण करणार?" वृषालीने आवाज खाली आणला, मुलीला कळू नये म्हणून. "आणि हिचं काय? तुझ्या बाबांचं मी काय केलं ते मला चाळिशीनंतर कळलं, तरी एक दिवस त्याशिवाय जात नाही. हिला ते तिसऱ्या वर्षी देऊ नकोस. आधीच बापाचं आहे तिच्या डोक्यावर. एक दिवस तिला ते सांगावं लागेल."

मृण्मयीने फाटकाचा गज धरला. हातमोजा त्यावर करकरला. ती रडत नव्हती. मग ती म्हणाली, "तिचे केस घट्ट बांधू नकोस. तिला आवडत नाही."

"बरं."

"दूध गरम लागत नाही. कोमट. साय काढायची."

"काढीन."

"झोपताना पाठीवर थापटायचं नाही, कपाळावरून हात फिरवायचा. वरून खाली. भोपळा खात नाही, पण किसून थालीपिठात घातला तर कळत नाही तिला. विजांना भीत नाही, मिक्सरला भिते." ती थांबली. आणखी काय ते शोधत तिचे डोळे जमिनीवर भिरभिरले. "नखं झोपेत कापायची."

गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, पण इंजिन सुरू केलं. मृण्मयीने मागे पाहिलं आणि पुन्हा पुढे. सांगायचं सगळं सांगून झालं होतं. तिचा हात गजावरून सुटायला लागला.

"आणि भात कसा लागतो तिला?" वृषालीने विचारलं. "मऊ की मोकळा?"

"मऊ," मृण्मयी लगेच म्हणाली. "गुरगुट्या. वर तूप, मीठ वेगळं."

"आणि अंघोळीला? आधी डोक्यावरून पाणी घालायचं की पायावरून?"

"पायावरून. डोक्यावरून एकदम घातलं तर श्वास कोंडतो तिचा."

मृण्मयीला लहानाची मोठी वृषालीनेच केली होती. पायावरून पाणी घालायला तिनेच मृण्मयीला शिकवलेलं होतं. जुईने आता तिच्या खांद्यावर मान टाकली होती आणि तोंडात अंगठा घातला होता.

"आणि अंगठा?" वृषाली म्हणाली. "काढायचा की राहू द्यायचा?"

मृण्मयी सांगू लागली. ऊन पठारावर चढत होतं. एक उत्तर संपलं की वृषाली पुढचा प्रश्न विचारत होती.